देव्हाऱ्यासमोर खडावा

स्वराचा डावा पाय परत आत वळायला लागला होता. अडीच वर्षांची पोर. जन्मतः दोन्ही पावलं आत वळलेली. आम्ही प्लास्टर घालून घालून ती सरळ केली होती. तशीच राहावीत म्हणून पुढे काही वर्षं झोपताना ब्रेस घालायचा असतो. ब्रेस म्हणजे एका पट्टीला जोडलेले दोन बूट.

"ब्रेस घातला जात नाहीये," महाडच्या आमच्या हॉस्पिटलातले सर म्हणाले. "महिनाभर बघू. नाहीतर परत प्लास्टर, कदाचित ऑपरेशन."

"सर, तिची आई तर रोज घालते म्हणते."

"मग घरी जाऊन बघ."

मी फिजिओथेरपिस्ट. स्वराच्या गावी, तुडीलला पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं. बघते तर स्वरा ओटीवर, पायात ब्रेस! तेवढ्यात पोर पेंगली. आईने तिला उचललं, उंबऱ्यापाशी बूट काढले आणि आत नेऊन झोपवलं.

"अहो, झोपेतच तर घालायचाय!"

"मॅडम, आत देव हायत," ती पुटपुटली.

स्वराचे आजोबा मध्ये पडले. "पायताण घालून देवासमोर कोन झोपतंय? आमच्यात नाय चालत."

मधल्या खोलीत देव्हारा, अंथरुणंही तिथंच. आता रागवणार कुणावर? देव्हाऱ्यात लाकडी पादुका दिसल्या.

"आबा, ह्या कशा चालतात?"

"त्या शिवथरघळीतनं आणल्यात. त्यांना माती कुठं लागलीय?"

मी ब्रेस उलटा करून त्यांच्या हातात दिला. तळ कोरे. हे घालून चालताच येत नाही, तर माती लागणार कुठून? आबांनी तळावरून बोट फिरवलं.

"सूनबाई, हळदकुंकू आण गो."

बूट चढवताना स्वरा जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं.

"रडू नको गो," आबा म्हणाले. "ह्या गोष्टीतल्या खडावा. घालून झोपलं का उडतात."

"कुठं?"

"मुंबैला. तुझ्या पप्पाकडं."

पोर गप्प झाली. गोष्टींतही खडावा अडलेल्यालाच मिळतात.

महिनाभर ब्रेस आणि व्यायाम झाल्यावर सरांनी पाय तपासला. सरळ! मी हुश्श केलं. "पायाला भिंगरी लागलीय मेलीच्या," आई म्हणाली. ही तक्रार इतक्या आनंदाने केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

हल्ली मी पालकांना "ब्रेस घालता ना?" असं विचारत नाही. "कुठं काढता?" ते विचारते.