मंडळाचं इंजिन आणि माझं पातं

लालबागच्या आमच्या चाळीत मला ‘विमानवाली’ म्हणतात. खरं तर विमानाशी माझा संबंध तिकीट काढून बसण्यापुरताच. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत मी लढाऊ विमानाच्या स्वदेशी इंजिनावर नोकरी काढली. तीही अख्ख्या इंजिनावर नव्हे, त्याच्या पोटातल्या बोटभर लांबीच्या पात्यावर. ते ज्या धगीत फिरतं तिथे साध्या धातूचं पाणी होतं. आमच्या पात्याचं पाणी होत नसे. ते काही तासांनी लांबायचं, भोवतीच्या कवचाला घासायचं आणि तुटायचं. मग समितीची बैठक बसायची. वडे, चहा, आणि इतिवृत्तात दर वेळी तेच वाक्य: प्रगती समाधानकारक. खाली इतरांबरोबर माझीही सही.

बाबा गिरणीत जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करून विणकराच्या ताब्यात द्यायचा, हे त्यांचं काम. आता नव्वदीच्या पुढे गेलेत. डोळे अधू झालेत, कान मात्र शाबूत आहेत. दर वर्षी गणपतीला मी रजा घेऊन आले की उंबरठ्यातच विचारायचे, “काय गो, उडलां काय तुझां इंजिन?” माझं उत्तर आणि विसर्जनाची आरोळी एकच, पुढच्या वर्षी. गेल्या खेपेला ते हसले नाहीत. “माका जावच्या आधी एकदा ऐकूचां आसा,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि चीडही आली. ती कोणावर काढायची ते कळेना.

यंदा जाहीर झालं, की भावी लढाऊ विमानासाठी इंजिन नव्याने बनणार, परदेशी कंपनीच्या साथीने, पण संपूर्ण स्वदेशी. मी ते वाक्य तीनदा वाचलं. आमच्या मंडळाने एकदाच वाचलं आणि देखावा ठरवला.

मी आले तेव्हा मांडवात प्लायवूड आणि पुठ्ठ्याचं विमान उभं होतं, शेपटीत भलंमोठं इंजिन. एवढं सगळं अठरा दिवसांत. ना समिती, ना इतिवृत्त. आत पाती होती आणि ती फिरणारही होती. कुठल्याशा हॉटेलच्या भटारखान्यातला धूर काढायचा पंखा आणून बसवला होता. मी डेकोरेटरला विचारलं, “मोटर कुठली?”

“बाहेरची आहे ताई. इकडची लावलेली आधी. तापते ना, दोन तासांत बसते.”

मी मान डोलावली. आमच्या प्रयोगशाळेने हेच सांगायला जाडजूड अहवाल लिहिले होते.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी उद्घाटन, माझ्याच हस्ते. त्यात मंडळाच्या अध्यक्षांनी एक उद्योग करून ठेवला होता. परस्पर बाबांना जाऊन सांगितलं होतं, “आज तुमच्या मुलीचं इंजिन चालू होणार.” बाबा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. काठी गुडघ्यांमध्ये, चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचा थाट.

अध्यक्ष माइकवर ओरडले, “आपल्या चाळीची कन्या! हिने बनवलेलं इंजिन!” मी बटण दाबलं. पाती गरगरली, लाल दिवा लागला, खालून धूर आला, टाळ्या पडल्या. बाबांनी हात वर केला. चाळीत अजूनही त्यांचा हात वर गेला की लोक गप्प होतात. कान पुढे करून ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग मला जवळ बोलावलं.

“ह्यां तुझां?”

हो म्हणायचं, बस्स. सगळी चाळ माझ्या बाजूने होती. म्हातारा माणूस सुखाने झोपला असता, आणि खोट्याखाली सही करायची सवय तर मला होतीच. पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “हा धूर काढायचा पंखा आहे. माझं उडलं नाही. आता परत पहिल्यापासून सुरू करणार आहेत. तुम्हाला ऐकायला मिळेल असं वाटत नाही.”

अध्यक्षांचा चेहरा उतरला. बाबांचा नाही.

“आधी काय मोडता तां सांग,” ते म्हणाले. माग ताब्यात घेताना जॉबर हाच प्रश्न पहिला विचारायचा. इतक्या वर्षांत आमच्या समितीत तो कोणी मला विचारला नव्हता. मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पातं लांबतं कसं, किती तासांनी, घासतं कुठे, तडा कुठून जातो. माझंच बोट धरून त्यांनी लांबी मापली, तडा जातो तिथे नखाने खूण केली. मागे उद्याच्या स्थापनेची तयारी चालली होती. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

सगळं ऐकून त्यांनी माझा हात सोडला.

“मगे तू हयसर काय करतंस गो?” ते खेकसले. “तां मोडलेलां तसांच टाकून सुट्टी घेतलंस? जा, कामार जा.”

मी मान खाली घातली. विभागप्रमुख झाल्यापासून सात वर्षं मी त्या पात्याला हातसुद्धा लावला नव्हता, नुसत्या सह्या केल्या होत्या. तेवढं मात्र मला त्यांना सांगवलं नाही.