वांग्याच्या वाफ्यातली पात

माझे वडील नगरपालिकेत गटारीवर कामाला होते. मी रसायनशास्त्र शिकले आणि आमच्याच तालुक्याच्या गावी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. वडील हसून म्हणाले, "म्हणजे फिरून आपलं खातं एकच." घरात त्या दिवशी पुरणपोळी झाली होती.

सांडपाण्यातलं पाणी वेगळं काढलं की खाली गाळ उरतो. तो आम्ही उघड्या वाफ्यांमध्ये वाळवतो. वाळला की काळा, भेगाळलेला, आणि खत म्हणून खरोखर चांगला. सुरुवातीला शेतकरी तो बघायला यायचे ते नाकाला रुमाल लावून. मला त्या रुमालाचा राग यायचा. तरुणपणी वडिलांना कोणाकोणाच्या अंगणात ओंजळीत वरून पाणी ओतून मिळायचं, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. म्हणून मी मुद्दाम गाळाचं ढेकूळ हातात घ्यायची, सगळ्यांसमोर फोडायची आणि म्हणायची, "बघा, माती आहे." नंतर साबणाने हात धुवायची, पण ते आत जाऊन, कोणाला दिसू न देता.

पहिला विश्वास ठेवला तो धुळ्याच्या रस्त्याला मळा असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी माझ्याकडे लेखी काहीतरी मागितलं, म्हणून मी शेतकऱ्यांसाठी एकपानी माहितीपत्रक लिहिलं. त्यात दोन रकाने केले. शिजवून खायच्या भाज्यांना गाळ चालेल, कच्च्या खायच्या भाज्यांना चालणार नाही. वांगी पहिल्या रकान्यात टाकली. आबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि वांग्याच्या वावरात ट्रॉलीभर गाळ टाकला. त्या हिवाळ्यात त्यांनी आम्हा केंद्रातल्या लोकांना मळ्यात भरीत खायला बोलावलं. मी पोटभर जेवले आणि घरी येऊन वडिलांना सांगितलं की लोक बदलतात.

पुढच्या वर्षी गाळाच्या वापराच्या नियमांचा नवा मसुदा वरून आला. आधीपेक्षा कडक होता. जंतांची अंडी वाळलेल्या गाळातही बरेच दिवस जिवंत राहतात, तेव्हा तपासणी वाढवा, कच्च्या खायच्या पिकापासून गाळ लांब ठेवा, असं त्यात होतं. त्यानुसार माहितीपत्रक सुधारायचं काम माझ्याकडे आलं. मला आधी तो अपमानच वाटला. पुन्हा रुमाल आला, असं मनात आलं. मी चरफडत तपासणीच्या दोन ओळी वाढवल्या, रकाने तसेच ठेवले आणि कागद टंकायला दिला.

त्याच आठवड्यात आबांचं दुसऱ्या वर्षीचं आमंत्रण आलं. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली जात होती. मिरची, लसूण, शेंगदाणे घालून भरीत ठेचलं गेलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी झाल्या. ताटं मांडल्यावर आबांची बायको, सगळ्यांची अक्का, उठली आणि वांग्यांच्या ओळींमधून कांद्याची हिरवी पात उपटून घेऊन आली. मोटारीच्या पाण्यात एकदा हिसळली आणि प्रत्येकाच्या ताटात जुडी जुडी ठेवली. खानदेशात भरिताबरोबर पात कच्चीच खातात. वांग्याच्या वाफ्यात चार काकऱ्या कांदा लावतात तो त्याचसाठी. मी याच मातीत वाढलेली बाई, हे मला कोणी शिकवायला हवं होतं असं नाही.

मला मसुद्यातली कच्च्या पिकांची ओळ आठवली. मी पात हळूच ताटाच्या कडेला सारली. गेल्या वर्षी हीच पात मी कराकरा चावून खाल्ली होती.

आबांच्या ते लक्षात आलं. "खा ना ताई. पातबिगर भरीत काय भरीत शे? हाई बठ्ठं तुमनाच गाळवर येल शे."

सगळं माझ्याच गाळावर आलेलं होतं, अडचण तीच होती. मी म्हणाले, "नको आबा, आज नको."

आबांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमले आमना हातनं चालत नही का?"

तो प्रश्न आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुक्याने विचारला गेला होता. तो असा उलटा होऊन माझ्यासमोर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मी उठले आणि सगळ्यांच्या ताटातली पात गोळा करायला लागले. सांगत गेले की आबा, तुमच्या हातात काही वाईट नाही, वाईट माझ्या कागदात आहे. वांगं शिजतं, पण त्याच मातीतली पात शिजत नाही, आणि मी वांग्यापुढे पाहिलंच नाही.

आबांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "आन मांगला वरीसले आम्ही खादं, त्यानं काय?"

"मीही खाल्लं होतं," मी म्हणाले. "उद्या आपण तपासून घेऊ."

दुसऱ्या दिवशी आबा, अक्का आणि मी सरकारी दवाखान्यात गेलो; केंद्रातल्या बाकीच्यांनाही जायला सांगितलं. तपासणीत कोणाचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी तरीही जंताच्या गोळ्या दिल्या. रांगेत अक्का माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. वास न येणारा गाळ म्हणजे निर्धोक गाळ, असं मी स्वतःलाच पटवलं होतं. विटाळ खोटा असतो म्हणून जंत खोटा ठरत नाही. दोन्ही मी एकाच रागात झटकून टाकले होते.

कागद मी परत मागवला. रकाने काढून टाकले. लिहिलं की गाळ टाकलेल्या वावरात, ओळींच्या मध्ये किंवा बांधावरसुद्धा, कच्चं खायचं काही लावू नका. शेवटी आणखी एक ओळ घातली, की आधी खाण्यात आलं असेल तर घरातल्या सगळ्यांनी दवाखान्यात दाखवा. केंद्राचे साहेब म्हणाले की ही ओळ म्हणजे आपण होऊन चूक कबूल करणं झालं. मी म्हटलं, चूक माझी आहे, खाली माझी सही घ्या. त्यांनी दोन दिवस कागद दाबून ठेवला आणि मग सोडला.

या हिवाळ्यात आबा स्वतः केंद्रावर आले. मी नवा कागद त्यांना दिला. बोट फिरवत त्यांनी तो सबंध वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"हाऊ ते मना सवाल शे," ते म्हणाले.

"हो आबा, तुमचाच."

त्यांनी कागद खिशात घातला. गाळ ते याही वर्षी नेणार होते. "गाळ लिसू, पन कपाशीले." मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पातीची जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "तुमनी अक्कानी धाडी. आंगनमधली शे. तठे गाळ नही."

मी नळाखाली पात धुतली, या वेळी त्यांच्या देखत, आणि उभ्या उभ्या खाल्ली. जुडी संपेपर्यंत आबा दारात थांबले होते.