निम्म्या गडावरून परत

हे लिहावं की नाही, असं पुष्कळ दिवस मनात होतं. अनुभव सांगावा एवढी माझी साधना नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि तेव्हा तर माझी श्रद्धाही डळमळली होती. लातूरला बारावीचा क्लास तिसऱ्या मजल्यावर भरायचा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मला थांबावं लागे, छाती धडधडत राही. आई म्हणायची, "भूकंपाचा धसका हाय, निघंल." निलंग्याकडच्या आमच्या गावात भूकंपानंतर सगळेच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. भांडं पडलं तरी प्रत्येकाचं काळीज धडधडायचं. माझी धडधड वेगळी असेल, हे कुणाला सुचलंच नाही. आई माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलली होती, की धसका निघू दे, पोरगी पायी गड चढून ओटी भरंल.

मग एकदा मी क्लासमध्येच चक्कर येऊन पडले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. ऑपरेशनने बुजवता येतं, पण उशीर नको." माझे वडील, आप्पा, घाबरले. "काळीज उघडून माणूस जगतंय व्हय? आधी नवस फेडू, मग बघू."

माहूरला निम्म्या पायऱ्यांवरच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बसले आणि मनात देवीशी भांडले, 'छिद्रही तूच दिलंस, आता नवसही फेडू देत नाहीस?'

तेवढ्यात कडेवर गुटगुटीत मुलगी घेतलेली एक बाई वरून उतरत आली. तिने प्रसादाचा तांबूल माझ्या हातावर ठेवला आणि काय झालं ते आईला विचारलं. ऐकून ती हसलीच. "अगं बाई, माझं बी असंच व्हतं की! बुजवलं." पदर जरा सरकवून तिने छातीवरचा उभा व्रण आईला दाखवला. आप्पांनी मान फिरवली, पण त्यांची नजर त्या बाळावर खिळली. ती त्यांना म्हणाली, "हिला घिऊन चढले, उतरले. पोरीला कशापायी ओढून राहिले, भाऊ? देवी काय गड सोडून चालली का?"

ती उतरून गेली. नाव विचारायचंही राहिलं. आप्पांनी तिथूनच शिखराला हात जोडले. "आई, आमी हितूनच फिरतो. लेकरू तुझं हाय, आता तूच बघ." नवस अर्धा ठेवून ते आयुष्यात पहिल्यांदाच मागे फिरले.

हैदराबादला ऑपरेशन झालं. परीक्षेचं एक वर्ष गेलं, पण छिद्र बुजलं. तपासणीला मी अजून नेमाने जाते, तोही माझा नेमच आहे. देवीवर सोडणं म्हणजे हट्टाने पाय ओढणं नव्हे. तिने ज्यांच्या हाती उपाय दिला, त्यांच्या हाती निर्धास्त जाणं, एवढंच मला कळलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर यंदा आम्ही गड चढलो. आई बरीच खाली राहिली. "अगं, दम घे की जरा!" ती ओरडली. देवळाच्या दारात ओटी घेऊन उभी असलेली मी हसू लागले. मला दम लागलाच नव्हता.