लेनाच्या हातातला लाडू

नाशिकहून निघताना माझी बॅग सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने भरली, आणि तिथूनच माझ्या जिवाला घोर लागला. एकतीस वर्षं मी बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी वेळेवर सुटेल ना, ड्रायव्हर आला का, स्टेपनी आहे का, असल्या काळज्या करायचाच मला पगार मिळायचा. मी निवृत्त झालो, काळजी काही झाली नाही. त्यात हा पहिलाच परदेश प्रवास, तोही एकट्याने. आजारी आईला सोडून सुमनला येता येईना.

"अहो, ह्या पिशवीत पोह्याच्या लाडूंचं पीठ आहे," ती म्हणाली. "सगळं घालून तयार केलंय. नुसतं गरम तूप ओतायचं आणि वळायचे. आपली यशूसुद्धा वळेल."

"कस्टमवाल्याने विचारलं तर?"

"तर त्यालाही द्या मूठभर!"

फ्रँकफर्टच्या विमानतळावर मला कुणीही काही विचारलं नाही. तरी बाहेर प्रज्ञा दिसेपर्यंत मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणत होतो. प्रज्ञा माझी मुलगी, हायडेलबर्गला एका संस्थेत संशोधन करते. जावई अमोल फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांची यशोधरा, आमची यशू, पाच वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते जर्मनमध्ये. मी विचारायचो, "यशू, पाणी हवं का गं?" ती म्हणायची, "जा, आबा" (हो, आबा), आणि पुढचं सगळं माझ्या डोक्यावरून जायचं. फोनवर ठीक होतं. समोर बसून नात आपल्याशी परक्या भाषेत बोलते, तेव्हा फार लागतं. खोटं कशाला बोलू?

हायडेलबर्ग मात्र दृष्ट लागण्यासारखं गाव आहे. नेकार नदीच्या एका काठाला जुनं शहर, वर डोंगरात लाल दगडाचा किल्ला, अर्धा पडलेला तरी रुबाब कायम. ऑक्टोबर नुकता लागला होता. झाडांखाली कास्टानियन (तपकिरी, तुकतुकीत बिया) पडलेल्या असायच्या आणि मुलं त्या खिशात भरून न्यायची. ह्या बिया खायच्या नसतात असं प्रज्ञाने सांगितल्यावर मी रोज यशूचे खिसे तपासू लागलो. तेही तिला आवडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात यशूच्या किटामधून (बालवाडीतून) चिठ्ठी आली. शुक्रवारी एर्नटेडांक होता. पीक हाती आलं म्हणून आभार मानायचा हा सण. मुलांना स्वतःच्या हाताने करता येईल असा सोपा खाऊ घेऊन आई-वडिलांनी किंवा आजी-आजोबांनी यायचं होतं. खाली नियम होते: कच्चं अंडं नको, नट्स नकोत, जिन्नसांची यादी आदल्या दिवशी पाठवा. प्रज्ञाला त्याच दिवशी संस्थेत महत्त्वाचं सादरीकरण होतं.

"बाबा, तुम्ही जाल? आईचं लाडूचं पीठ आहेच." मग तिने विचारलं, "त्यात काजू-बदाम नाहीत ना?"

"छे! आपण कधी घालतो काजू-बदाम?"

मी छातीठोकपणे यादी सांगितली. पोहे, गूळ, सुकं खोबरं, वेलची, तूप. प्रज्ञाने ती जर्मनमध्ये टाइप करून पाठवली. मला साखरेचा आजार, म्हणून पीठ चाखलंही नव्हतं. सुमनला एक फोन करावा, एवढं मला सुचलं नाही. आयुष्यभर नको त्या गोष्टीची काळजी करणारा मी, नेमका तिथेच निर्धास्त राहिलो.

शुक्रवारी सकाळी यशूचा हात धरून ट्राममध्ये बसलो आणि घाईघाईत एक स्टॉप आधीच उतरलो. यशूने कपाळाला हात लावला, थेट सुमनसारखा. उरलेलं अंतर आम्ही पिशवी सांभाळत जवळजवळ पळत गेलो.

किटामध्ये दाराशीच टेबलावर भोपळे, मक्याची कणसं, सफरचंदं आणि एक मोठा पाव मांडला होता. फ्राऊ लिंडनर, म्हणजे यशूच्या बाई, हसून म्हणाल्या, "आल्झो, हेर आबा!" (चला, आबासाहेब!). एका टेबलावर कुणाची तरी आई सफरचंदाचे साळिंदर करून घेत होती. अर्धं सफरचंद पालथं ठेवायचं, काड्यांना द्राक्षं टोचायची आणि त्या काड्या पाठीवर खोचायच्या. फार गोड दिसत होते. दुसरं टेबल माझं. सात मुलं बाह्या वर करून तयार. बाईंनी दोन वेण्यांच्या एका मुलीला मुद्दाम हाताला धरून आणलं आणि यशूशेजारी बसवलं. तिचं नाव लेना. ती लाजत होती, पण डोळे पिठावरून हलत नव्हते.

मी कोमट केलेलं तूप ओतलं, पीठ कालवलं आणि प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ ठेवलं. खुणेनेच दाखवलं: दाबा, फिरवा, दाबा. पोरं हसायला लागली. यशूने आपला लाडू सगळ्यांना उंच करून दाखवला आणि काहीतरी म्हणाली, त्यात "माइन आबा" (माझे आबा) एवढं मला कळलं. माझा ऊर भरून आला.

मग जाणवलं, पीठ फारच लवकर आवळून येतंय. तूप तर अजून अर्धं भांड्यातच होतं. इतकं तेल सुटलं कुठून? मी बोटं चोळली, हात नाकाशी नेला. तळहातावर तांबूस सालीचा एक बारीक तुकडा चिकटला होता. भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत जन्मभर पाहिलेली साल. दाण्याचं कूट! समोर लेना लाडू तोंडाकडे नेत होती.

"थांबा! कुणी खाऊ नका! दाणे आहेत त्यात, दाणे!" मी ओरडलो. मराठीत. जर्मन मला येतच नव्हतं, होतं नव्हतं ते इंग्रजीही त्या क्षणी पळालं. मुलं माझ्याकडे बघून हसली. त्यांना वाटलं खेळातलंच काहीतरी आहे.

यशू मात्र हसली नाही. तिने झेप घेऊन लेनाच्या हातावर चापट मारली. लाडू उडाला, फरशीवर फुटला. "नाइन! एर्डन्युसे!" (नको! शेंगदाणे!) ती किंचाळली.

पुढे सगळं झरझर झालं. बाईंनी सगळ्या मुलांचे हात साबणाने धुतले, टेबल पुसलं, खिडक्या उघडल्या. लेनाच्या मनगटावर लाल गांध्या उठल्या होत्या. एका छोट्या लाल पिशवीतून औषध काढून तिला दिलं. डॉक्टरांना फोन, तिच्या आईला फोन. मला बाहेर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. तिथूनच मी सुमनला फोन लावला.

"अगं, त्या पिठात कूट घातलं होतंस?"

"म्हणजे काय! कुटाशिवाय लाडू कसा लागेल?"

मी काय झालं ते सांगितलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "अहो, पोर कशी आहे?"

पोर ठीक होती. तासाभराने गांध्या बसल्या, श्वासाला काही झालं नाही. लेनाची आई आली, तिला छातीशी धरून उभी राहिली, मग माझ्याकडे वळली. तोवर माझं मोडकंतोडकं इंग्रजी परत आलं होतं. मी हात जोडून माफी मागितली.

ती म्हणाली, "लेनाला दाणे चालत नाहीत, म्हणून दर सणाला ती स्वतःचा डबा घेऊन वेगळी बसते. काल तुमची यादी मी तीनदा वाचली. आज पहिल्यांदाच मी तिला सगळ्यांबरोबर बसू दिलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी प्रज्ञा रडकुंडीला आली. "बाबा, मीसुद्धा काजू-बदामच विचारलं. दाणे माझ्या डोक्यातच आले नाहीत. आपल्याकडे कूट म्हणजे मिठासारखं." यशू माझ्याजवळ फिरकेना. ती आईच्या कानात काहीतरी बोलली. ते मला सांगायला प्रज्ञा तयार नव्हती. फार आग्रह केल्यावर म्हणाली, "ती म्हणते, आबा खोटं बोलले."

पुढचे दोन आठवडे मी किल्ला पाहिला, नदीकाठी फिरलो, अमोलने एका रविवारी कार्ल्सरूहेचा राजवाडा दाखवला. मन कशातच लागलं नाही. घास तोंडात गेला की लेनाचं मनगट आठवायचं.

मग एका दुपारी श्पीलप्लात्सवर (मुलांच्या खेळाच्या मैदानात) लेनाची आई स्वतःहून माझ्याकडे आली. म्हणाली, लेनाला ते साळिंदर करायचेत, तुम्ही आणि यशू आमच्या घरी याल का? "आमचं स्वयंपाकघर, आमची सुरी," ती म्हणाली. मी म्हटलं, "गेनाऊ" (बरोबर आहे). तेवढा एक शब्द मी शिकलो होतो.

त्यांच्या घरी मी कोपरापर्यंत तीनदा हात धुतले. सफरचंद कापलं, मुलींनी द्राक्षं टोचली. लेनाने पहिलं द्राक्ष तोंडात टाकलं आणि माझी सुरी सफरचंदातच थांबली. साधं द्राक्ष ते! तिची आई माझ्याकडे बघत होती, मी लेनाकडे. लेनाने गिळलं, दुसरं उचललं आणि यशूला काहीतरी विचारलं.

यशू माझ्याकडे वळली. "आबा, ती विचारते, तिचा लाडू कुठाय?"

मराठीत! नातीने माझ्याशी बोललेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य, आणि तेही त्याच लाडवाचं.

नाशिकला घरी परतल्यावर सुमनने विचारलं, काय काय पाहिलंत? मी किल्ल्यापासून सुरुवात केली आणि लेनापाशी येऊन थांबलो. आपल्या हातचं खाऊ घालण्यात आपलं मोठं प्रेम असतं, असं मी आजवर समजत होतो. समोरच्याने ते डोळे झाकून तोंडात घालावं, हे त्याहून कितीतरी मोठं आहे. तो विश्वास मला एका आईने दोनदा दिला.

"तिला बिनकुटाचे करून पाठवते," सुमन म्हणाली आणि तिने कढई उतरवली.

"सुमन, दाणे कधी न लागलेलं एक तरी भांडं आपल्या घरात दाखव."

ती थबकली. कढई, परात, झारा, मिक्सरची भांडी, एकेक उचलून तिने पाहिलं आणि खाली ठेवलं. मग ओट्याला टेकली. "एकही नाही हो."

संध्याकाळी आम्ही भांडी बाजारात गेलो. सुमनने नवी कढई घेतली, नवी परात घेतली, घरी आणून स्वच्छ फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवली.

"आधी तिच्या आईला विचारा," ती म्हणाली. "ती नको म्हणाली, तर कढई अशीच राहू दे."