आत्यांचं टेबल रिकामं होतं तेव्हा

त्या दिवशी सकाळपासून आत्यांचे पाय जमिनीवर नव्हते. पाणीपुरवठा कार्यालयाच्या मागच्या कोपऱ्यात बसून त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं टाइप केली. पण डोळा सगळा दारासमोरच्या चौकशीच्या टेबलावर. तिथं माणसं यायची! नळ कोरडा म्हणून भांडणारी, मीटर पळतंय म्हणून शपथा घेणारी. आत्यांना बोलायला माणूस लागायचं, आणि वाट्याला आली होती भिंत.

आता ते टेबल रिकामं झालं होतं. साहेब म्हणाले, "देतो तुम्हाला. पण हा उकिरडा तिथं मांडायचा नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर बघायला येतो. हे टेबल लख्ख दिसलं, तरच."

उकिरडा हा शब्द आत्यांना लागला. पण त्यांच्या कोपऱ्यातल्या टेबलावर फायलींच्या जोडीला छत्र्या, गळका नळ, वायरींचा गुंता, कागदाचं भेंडोळं, हेल्मेट, बंद पडलेला पंखा असं काय काय पडलं होतं, ते नाकारणार कसं?

"यातलं तुमचं काय हो, आत्या?" शेजारच्या नकाशेवाल्यांनी खोचकपणे विचारलं.

आत्यांनी नीट पाहिलं आणि त्या चपापल्याच. चष्म्याचं घर, पेला आणि पेन्सिल. बाकी सगळं लोकांचं! त्या कार्यालयाची रीतच तशी. कुणाला जागा नसली की तो म्हणायचा, "आत्या, जरा ठेवतो हं," आणि आत्या मान डोलवायच्या.

आत्यांनी पदर खोचला. निघाली वरात!

"ही घे तुझी छत्री."

"अहो, मी नवी घेतली की!"

"मग दोन्ही उघड आणि मधे उभा राहा."

पंखा भांडारात गेला, नळ मिस्त्रीच्या हातात. "आणि हे कागदाचं भेंडोळं कुणाचं बरं?" आत्यांनी मोठ्यानं विचारलं. नकाशेवाल्यांना एकाएकी खिडकीबाहेर बघावंसं वाटू लागलं. आत्यांनी भेंडोळं त्यांच्या मांडीवर ठेवलं. सगळे खो खो हसले.

लाकूड दिसू लागलं. आत्यांनी ओलं फडकं फिरवलं. राहिलं होतं फक्त हेल्मेट. सगळ्यांना विचारून झालं, कुणी हो म्हणेना.

"कपाटात कोंबा, कोण बघतंय?" नकाशेवाले कुजबुजले.

"छे! कोंबाकोंबी करून टेबल मिळवायचं, तर मग इथंच बसते की."

तेवढ्यात साहेब आले. टेबलाकडे बघून खूश झाले, आणि हेल्मेटापाशी थबकले.

"एवढं राहिलं, साहेब," आत्या म्हणाल्या. "मालक सापडला नाही. नाही जमलं मला."

साहेबांनी हेल्मेट उलटं करून आतलं फाटकं अस्तर पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"हे... माझंच आहे."

"अय्या!"

"हे चोरीला गेलं म्हणून मी वॉचमनला नको नको ते बोललो हो! तुमच्याकडे ठेवलं, आणि साफ विसरलो."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं कार्यालय हसलं, आणि शेवटी साहेबही. हेल्मेट काखेत मारून ते म्हणाले, "आता उभ्या काय राहिलात? जा, बसा पुढे!"

आत्या गेल्या नाहीत, जवळजवळ धावल्या. खुर्चीत टेकल्या न टेकल्या तोच एक गृहस्थ तणतणत आत आले.

"परवापासून थेंब नाही! कुणी जबाबदार माणूस आहे का इथं?"

"आहे ना," आत्यांना हसू आवरेना. "बसा बघू आधी. गल्ली कुठली तुमची?"