खोली नंबर टाकलेलं पोस्टर

सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती समुपदेशन केंद्रात मी कंत्राटी समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा तंबाखूविरोधी प्रचाराची अगदी धूम होती. औरंगाबादच्या शहागंजात भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती. बसस्थानकावर, कचेऱ्यांच्या भिंतींवर काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं मोठं पोस्टर होतं: ‘बिडी-सिगारेट आजच सोडा.’ मी मात्र एक्स-रे विभागामागच्या खोलीत रिकाम्या खुर्चीसमोर बसून असायचे. आठवड्याला दोघं-तिघं यायचे. लोकांनाच सोडायचं नाही, असा माझा ठाम समज झाला होता.

एका सकाळी फुलंब्रीचे एक काका दारात उभे राहिले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चाळीस वर्षं बिडी ओढलेली, आवाज बसलेला. खिशातून त्यांनी घडी घातलेलं पोस्टर काढलं आणि माझ्या टेबलावर पसरलं. बसस्थानकावरून चक्क फाडून आणलं होतं.

“बाई, हे तुमचंच का?”

“हो काका. बसा ना.”

“तिसरी खेप हाय माझी. पहिल्यांदा आलो तर केसपेपरच्या खिडकीवर म्हणले, वरच्या मजल्यावर विचारा. वरचे म्हणले, अशी खोलीच नाय इथं. दुसऱ्यांदा दोन तास हिंडलो अन् तसाच गाडीत बसलो.” त्यांनी पोस्टरवर बोट ठेवलं. “ह्यावर लिवलंय, सोडा. कुठं सोडायची, ते कुठंच नाय लिवलं.”

मी ते पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. दर महिन्याच्या अहवालात ‘लावलेली पोस्टर्स’ या रकान्यात मी स्वतः आकडा भरत होते, पण पोस्टर कधी नीट वाचलं नव्हतं. त्यावर खोलीचा नंबर नव्हता, वेळ नव्हती, फोन नव्हता. मला लाज वाटली.

काकांशी तासभर बोलले. बिडीची तलफ कधी येते, चहाबरोबर की जेवण झाल्यावर, ते लिहून घेतलं. निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या दिल्या आणि दर सोमवारी यायला सांगितलं.

दुपारी आमच्या केंद्राच्या प्रमुख साहेबांकडे गेले. साहेब सज्जन होते, पण कागदांनी वेढलेले.

“मॅडम, डिझाइन वरून येतं. आपण बदलू शकत नाही.”

“बदलत नाही सर. खाली मोकळी जागा आहे, तिथे खोली नंबर लिहिते.”

“हातानं?”

“हातानं.”

त्यांनी पुढची फाईल ओढून सही केली. मी त्याला परवानगी समजले.

त्या आठवड्यात ड्युटी संपल्यावर मी जाड मार्कर घेऊन शहरभर फिरले. बसस्थानकावर पहारेकऱ्यानं हटकलं, “ओ मॅडम, सरकारी कागदावर काय लिहिताय?” मी ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच विचारलं, “गुटख्याचं पण बघता का तिथं?” पुढच्या सोमवारी काकांच्या मागे रांगेत तोही होता.

माणसं यायला लागली आणि महिन्याभरात गोळ्या संपल्या. मी मागणी पाठवली. प्रचाराचा निधी प्रचारालाच वापरायचा, असं उत्तर आलं. पुन्हा पाठवली. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, “आढावा बैठकीत तुम्हीच मांडा.”

मी काकांना विचारलं, याल का? ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. माझं बोलणं सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच वरिष्ठ अधिकारी घड्याळाकडे बघायला लागले. तेव्हा काका उठले.

“साहेब, औरंगाबादला मी लई वर्षं गाडी आणली. गाडीवर पाटी नसंल तर माणूस चढंल का? अन् पाटी लावली, पण गाडीच नाय सोडली, तर पाटीचा काय उपेग?”

कोणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. “आता ओढता का?” त्यांनी विचारलं.

“नाय. दोन महिने झाले.” मग काका थांबले. “खोटं कशाला बोलू. चुलतभावाच्या दहाव्याला दोन ओढल्या. दुसऱ्या दिवशी बाईंकडं येऊन सांगितलं. तवापास्नं नाय.”

ही गोष्ट त्यांनी तिथं सांगायला नको होती, असं मला वाटलं. पण अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, “असे परत आलेले किती?”

अहवालात तो रकानाच नव्हता. माझ्या वहीत मात्र रेघा मारून मी आखला होता. वही त्यांच्यापुढे सरकवली.

सगळं काही मिळालं नाही. पोस्टर्स कमी झाली नाहीत, पण नव्या छपाईत खोली नंबर आणि वेळ आली. गोळ्यांसाठी वेगळी तरतूद व्हायला पुढचे पाच महिने गेले. त्या काळात मी लोकांना बडीशेप, लवंग चघळायला सांगून आणि रोज फोन करून धरून ठेवलं. काही तरीही हातून सुटले, यायचे बंद झाले. त्यांची नावं मी वहीतून खोडलेली नाहीत, अजूनही फोन करते.

काकांनी त्यानंतर बिडी ओढलेली नाही. त्यांच्या बायकोनं तंबाखूची मिश्री सोडायला घेतली आहे आणि ती त्यांच्यापेक्षा जास्त चिडचिड करते, असं ते हसत सांगतात.

तिकडच्या लोकांची खेप वाचावी म्हणून आता सिल्लोडच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस बसायची परवानगी मी मागितली आहे. एकदा नकार आला. दुसरा अर्ज कालच दिला.