उल्कावहिनींचं लॅमिनेशन

ज्या कागदाची काळजी वाटेल तो उल्का लॅमिनेट करून टाकायची. पुण्यात असताना दहावीच्या मार्कशीटपासून ही सवय लागली आणि सिंगापूरच्या दमट हवेने तिला खतपाणी घातलं. बुकित पंजांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कपाटातली चामड्याची पर्ससुद्धा महिन्याभरात हिरवी व्हायची, मग कागदाची काय कथा? तिने मॉलमधल्या स्टेशनरीच्या दुकानातून लॅमिनेशनचं मशीनच आणलं. तेव्हापासून त्या घरात एकही कागद उघड्या अंगाने फिरेनासा झाला. आर्याचं शाळेचं टाइमटेबल, लसींचं कार्ड, सासूबाईंच्या हातची अनारशांची कृती, सगळं चकचकीत.

"डॅडी, सोफ्यावर असा न हलता बसू नकोस लाह," आर्या अस्सल सिंगापुरी थाटात बापाला बजावायची. "मम्मी तुलाही मशीनमध्ये घालेल."

शिरीष हसायचा. तो जुरोंग आयलंडवर रिफायनरीत इंजिनिअर. लग्नाआधी दोन वर्षं अमेरिकेत ओहायोला शिकायला होता. तिथल्या वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या घरमालकाने त्याला बेसबॉलचं वेड लावलं आणि निघताना स्वतःच्या लहानपणचं, च्युइंगमच्या पाकिटातून निघालेलं, एका खेळाडूचा फोटो असलेलं कार्ड दिलं. खेळाडू काही फार नावाजलेला नव्हता. त्यात पाठीमागे लहानग्या वॉल्टरने शाईने आपलं नाव गिरवून ठेवलेलं, त्यामुळे बाजारात त्या कार्डाला कुणी विचारलं नसतं. पण शिरीषचा जीव त्यात होता. पुढे त्याने इंटरनेटवरून अशी पुष्कळ जुनी कार्डं जमवली आणि कॅमेऱ्यांसाठी मिळतं तसलं, आतली हवा कोरडी ठेवणारं एक ड्राय कॅबिनेट घेऊन त्यात ठेवली. त्याची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात असायची. वॉल्टरच्या कार्डाला मात्र कुणी बोट लावायचं नाही. बघायचं ते काचेतून.

२००६ च्या डिसेंबरात शिरीष कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेला. बाहेर पावसाची झोड लागली होती. कॅबिनेटच्या तबकडीवरचा काटा ओल्या बाजूला सरकलेला उल्काने पाहिला. वॉल्टरच्या कार्डाला बुरशी लागली तर? शनिवारी शिरीषचा वाढदिवस होता. तिने ठरवलं, आधी हे एकच करू. तो खूश झाला की मग बाकीची. कार्ड मशीनमधून गरमागरम बाहेर आलं, तेव्हा पापड न मोडता तळला गेल्यासारखं तिला वाटलं.

शनिवारी नेहमीप्रमाणे शिरीषचे मित्र प्रबोध आणि रवींद्र आले. प्रबोध बँकेत होता, रवींद्र आंग मो किओच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. तिघांपैकी कुणी आयुष्यात बेसबॉलची बॅट हातात धरलेली नव्हती. तरी दर वाढदिवसाला एकाच प्रश्नावर वाद रंगायचा, की जुन्या बेसबॉल कार्डांच्या छंदावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा? स्वतःला मत द्यायचं नाही, आणि जो जिंकेल त्याचा एक हुकूम बाकीच्यांनी निमूट पाळायचा. गेल्या वर्षी प्रबोधने जिंकून शिरीषला उग्र वासाचं अख्खं डुरियन फळ खायला लावलं होतं.

"कार्डांच्या बाजारभावाचं पुस्तक काढणारा!" प्रबोधने सुरुवात केली. "त्याच्याआधी ती रद्दी होती, नंतर इस्टेट झाली."

"बँकवाल्याला दुसरं काय सुचणार?" रवींद्र म्हणाला. "इंटरनेटवर लिलाव सुरू करणारे. नाहीतर इथे बसून याला अमेरिकेतली कार्डं कोण देणार होतं?"

"चूक," शिरीष म्हणाला. "संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना ज्याने हजारो कार्डं क्रमाने लावून, वहीत चिकटवून म्युझियमला दिली, तो माणूस."

"चिकटवून? डिंकाने?"

"त्या एकट्याला माफ आहे. बाकी कुणी डिंक लावेल, टेप लावेल, तर तो गुन्हाच. आणि लॅमिनेशन म्हणजे तर जिवंत समाधी! काढायला गेलं की प्लास्टिकबरोबर खेळाडूचं तोंडही निघून येतं."

स्वयंपाकघरात उल्काच्या झाऱ्यातला वडा तेलात परत पडला.

"चहा झाला की वॉल्टरचं कार्ड दाखवतो तुम्हाला," बाहेरून शिरीषचा आवाज आला.

म्हणजे चहा संपेपर्यंतचाच अवधी. तिने वड्यांची ताटली उचलली, कार्ड तिच्याखाली लपवून धरलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी बोलू का?"

"बोला ना वहिनी! तुमचे वडे खातोय, ऐकायलाच हवं," रवींद्र म्हणाला.

"वॉल्टरच्या वर्गातल्या सगळ्या पोरांकडे ही कार्डं होती ना? मग आता इतकी थोडी का उरली? पोरगं घर सोडून गेलं, आईने खोली आवरली, खोका कचऱ्यात! आयांनी ती टाकली नसती, तर प्रबोध भावजी, तुमचं भावाचं पुस्तक चार पानांत आटपलं असतं."

प्रबोधचा वडा हातातच राहिला. "च्यायला, शिरीष, हे खरंय रे."

"माझं मत वहिनींना," रवींद्र म्हणाला. "आणि दोन वडे मला."

शिरीष तर उठून उभाच राहिला. "मान्य! कार्डं टाकणाऱ्या तमाम आयांना दंडवत!"

"नुसत्या टाकणाऱ्याच?" उल्काने अगदी सहज विचारलं. "काळजीपोटी खराब करणाऱ्या नाहीत का?"

"त्याही! एक खराब झालं की उरलेल्यांची किंमत वाढते."

"मग जिंकले मी. माझा हुकूम: आज या घरात कुणी आवाज चढवायचा नाही." आणि तिने ताटलीखालून कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.

प्रबोधला अचानक बाल्कनीतली तुळस बघावीशी वाटली. रवींद्रही तिच्याच दर्शनाला गेला.

शिरीषने कार्ड उलटंसुलटं केलं. मग फार हळू विचारलं, "मशीन कुठंय?"

मशीन कॅबिनेटमध्ये बंद झालं आणि किल्ली त्याच्या खिशात गेली. हुकूम त्याने पाळला. आवाज चढवला नाही, कारण रविवार दुपारपर्यंत त्याने आवाजच काढला नाही. उल्काने त्याच्या आवडीची डाळिंबी उसळ केली, तीही तो मुक्यानेच दोनदा वाढून घेऊन जेवला.

मंगळवारी संध्याकाळी तो दारात बूट काढतानाच एकटा हसत होता. उल्का धास्तावलीच.

"आज जुरोंग आयलंडच्या गेटवर पास म्हणून वॉल्टरचं कार्ड पुढे केलं मी," तो म्हणाला.

"ते खिशात कशाला नेलंस?"

"आता त्याला काय होणार आहे? गार्डने कार्ड बघितलं, मला बघितलं. म्हणतो, अंकल, यंग टाइम व्हेरी हँडसम लाह, नाउ शो मी धिस इयर वन. म्हणजे तरुणपणी देखणे होतात, आता यंदाचा फोटो दाखवा!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत शिरीष हसला. "कंपनीच्या अख्ख्या बसने मग ते हाताळलं गं. सगळ्यांनी विचारलं, मागे नाव घातलंय तो वॉल्टर कोण? रिफायनरी येईपर्यंत त्याच्याच गोष्टी सांगत होतो. इतकी वर्षं काचेआड ठेवून मी त्याला कुणाला भेटूच दिलं नव्हतं."

उल्काने लगेच हात पुढे केला. "मग दे किल्ली. आर्याचं सर्टिफिकेट आलंय."

"ती नाही मिळायची," शिरीष म्हणाला आणि खिशावर हात ठेवूनच हातपाय धुवायला गेला.